छत्तीस गुण आणि दोन माणसे

लग्नाच्या वयाचे मूल घरात असले की आजही पहिली चौकशी होते ती "गुण किती जुळले?" अशी. मुलगी काय शिकली, मुलगा काय कमावतो, दोघांचे स्वभाव कसे, हे प्रश्न त्यामागून येतात. अठरा जुळले की बोलणी पुढे सरकतात. सतरा निघाले की चहापोहे घेऊन मंडळी उठतात. पूर्वी हा हिशेब पंचांग उघडून भटजी करीत. आता तो हातातला फोन क्षणात करून देतो, आणि त्यामुळे एक नवी समजूत पसरली आहे. यंत्राने काढलेला आकडा म्हणजे शास्त्राचा आकडा, असे पुष्कळजण धरून चालतात. तिकडे परदेशातील मानसशास्त्रज्ञ प्रश्नावली भरून घेतात आणि जोडपे टिकेल की नाही ते सांगतात, असेही आपल्या कानावर येते. तेव्हा दोन माणसांचे एकमेकांशी जमेल की नाही हे विज्ञानाला आधी सांगता येते काय, हा प्रश्न आपण आज घेऊ. तो करमणुकीचा नाही. या आकड्यांवर मुलींची लग्ने मोडतात, आणि आकड्याच्या आडोशाने जातीचे व हुंड्याचे जुने हिशेबही उरकले जातात.

आम्ही कामगार चळवळीत वाढलेलो. विद्यापीठाचा उंबरठा आम्ही ओलांडला नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, पाळी सुटल्यावर. परंतु "शास्त्रीय मोजमाप" या शब्दाशी कामगाराची ओळख फार लवकर होते. मालकाचा माणूस हातात घड्याळ घेऊन यंत्राजवळ उभा राहतो, हात किती वेगाने चालतात ते टिपतो आणि शास्त्राच्या नावाने कामाचा बोजा ठरवतो. अशा वेळी तीन प्रश्न विचारायला आम्ही शिकलो. नेमके काय मोजले? कोणी, आणि कोणासाठी मोजले? एका ठिकाणी जे निघाले ते दुसऱ्या ठिकाणी निघते काय? आजच्या विषयालाही आम्ही हेच तीन प्रश्न लावणार आहोत.

प्रथम आपली पत्रिका घेऊ. गुणमेलनात आठ कूटे आहेत. वर्णाचा १ गुण, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशिकूटाचे ७ आणि नाडीचे ८; एकूण ३६. नावे आठ असली तरी मोजलेली वस्तू एकच आहे. जन्मवेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात व कोणत्या राशीत होता, एवढ्यावरून हे छत्तीसही गुण काढतात. चंद्र एका नक्षत्रात सुमारे एक दिवस असतो. त्या दिवशी वाड्यात जन्मलेला आणि झोपडीत जन्मलेला, जयसिंगपुरात जन्मलेला आणि लंडनमध्ये जन्मलेला, या सर्वांचे गुण कोष्टकात सारखेच भरतात. मुलगा रागीट की शांत, व्यसनी की निर्व्यसनी, मुलीला नोकरी करायची आहे की नाही, यांपैकी एकही गोष्ट त्या कोष्टकात नाही.

आता थोडा हिशेब करू. सत्तावीस नक्षत्रांची नऊ-नऊ अशी वाटणी आद्य, मध्य व अंत्य या तीन नाड्यांत केलेली आहे. वर आणि वधू यांची नाडी एक आली की दोष. डोळे मिटून कोणतीही दोन माणसे निवडली तरी साधारणपणे दर तीन जोड्यांत एक जोडी एकनाडीची निघणार. मंगळाचे तसेच. कुंडलीच्या बारा स्थानांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की माणूस मंगळाचा ठरतो. बारातील पाच स्थाने दोषाची, म्हणजे शंभरात चाळीस माणसे मंगळाची! नियम इतका कडक की पळवाटा ठेवल्यावाचून गावात लग्नेच लागायची नाहीत. म्हणून तर परिहारांची लांबलचक यादी शास्त्रकारांनाच करावी लागली. मात्र ही यादी कोणासाठी उघडते आणि कोणासाठी मिटते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. स्थळ श्रीमंत असले की परिहार सापडतो. बाप गरीब असला की सापडत नाही.

अलीकडे एक शिकलेला बचाव ऐकू येतो. "एक नाडी म्हणजे एक रक्तगट, आपल्या पूर्वजांना ते ठाऊक होते." हे म्हणणे तपासायला दवाखान्यातील तक्ता पुरेसा आहे. रक्तगटांचा शोध व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लावला. रक्तगट आईबापांकडून येतो, नाडी चंद्रावरून येते. एका आईच्या दोन लेकरांचा रक्तगट एक आणि नाड्या वेगळ्या असू शकतात. शिवाय नवराबायकोचा रक्तगट सारखा असण्यात अपाय काहीच नाही. अडचण संभवते ती वेगळेपणामुळे : आईचे रक्त आर-एच निगेटिव्ह आणि बाळाचे पॉझिटिव्ह असेल तेव्हा. त्यावर १९६८ पासून इंजेक्शन मिळते. लग्नाआधी रक्त जरूर तपासावे, पण ते थॅलसेमियासारख्या रोगांसाठी. वर आणि वधू दोघेही या रोगाचे वाहक असतील, तर प्रत्येक मुलास तो होण्याचा संभव चारात एक असतो. विज्ञान असे भाकीत ठामपणे करते. परंतु ते होणाऱ्या बाळाच्या रक्ताविषयीचे आहे, आईबापांच्या प्रेमाविषयीचे नव्हे.

पत्रिकेची रीतसर परीक्षा कोणी घेतली आहे काय? घेतली आहे. अमेरिकेत बर्नार्ड सिल्व्हरमन यांनी मिशिगन राज्यातील २,९७८ विवाह आणि ४७८ घटस्फोट यांच्या नोंदी पाहून १९७१ साली निष्कर्ष छापला : जुळणाऱ्या म्हटलेल्या राशींची माणसे अधिक लग्न करीत नव्हती आणि कमी घटस्फोटही घेत नव्हती. इंग्लंडात डेव्हिड व्होस यांनी २००१ च्या जनगणनेतील सुमारे एक कोटी जोडप्यांच्या जन्मतारखा तपासल्या. तिथेही राशींची ओढ दिसली नाही. कोणी म्हणेल, त्या पाश्चात्त्यांच्या सूर्यराशी, आमचे गणित चंद्राचे. हरकत रास्त आहे. म्हणून आपल्याच पुण्यात झालेली परीक्षा पाहू. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः पत्रिका पाहणारे प्रकाश घाटपांडे यांनी २०० पत्रिका जमवल्या. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिष्याकडे चाळीस पत्रिका देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवून वीस बरोबर यायची. सर्वांत यशस्वी ज्योतिष्याची चोवीस आली आणि सर्वांची सरासरी विसाच्याही खाली राहिली. ही परीक्षा लग्नाची नव्हती, हे खरे. परंतु ज्या पत्रिकेतून मुलाच्या बुद्धीतील एवढा उघड फरक दिसत नाही, तिच्यातून दोघांच्या संसाराचे तीस-चाळीस वर्षांचे सुख दिसेल, यावर विश्वास कसा ठेवावा?

येथवर ऐकून काही मंडळींना वाटेल की पत्रिका खोटी ठरली, आता खऱ्या विज्ञानाकडे वळलो की उत्तर हाती लागेल. त्या विज्ञानाचाही इतिहास पाहू. तो जितका मनोरंजक तितकाच सावध करणारा आहे.

चार्ल्स डार्विन यांचे नातलग फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ साली एक युक्ती सुचवली. जेवणाच्या मेजावर शेजारी बसलेल्या दोघांना परस्परांची ओढ असली की ती एकमेकांकडे कलतात. तेव्हा खुर्चीच्या पायांखाली दाब मोजणारे यंत्र बसवावे आणि ओढ किती ते काट्यावर वाचावे! कल्पना हसण्यासारखी आहे. पण याच गाल्टननी आदल्याच वर्षी, १८८३ मध्ये, सुप्रजननशास्त्राला त्याचे इंग्रजी नाव दिले होते, आणि त्या शास्त्राचा पुढचा इतिहास हसण्यासारखा नाही. कोणी कोणाशी लग्न करावे आणि कोणाला मुले होऊ नयेत हे तज्ज्ञांनी ठरवावे, असा विचार पसरला. १९०७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. १९३५ साली हिटलरच्या जर्मनीने ज्यू आणि जर्मन यांच्या विवाहास बंदी केली, आणि लग्नापूर्वी सरकारी आरोग्याधिकाऱ्याचा दाखला लागेल असाही कायदा केला. कोणी आणि कोणासाठी मोजले, हा आमचा दुसरा प्रश्न येथे कामास येतो. ज्या देशात जातीबाहेर लग्न केले म्हणून अजूनही पोटच्या पोरांचे खून पडतात, त्या देशाने हा प्रश्न विसरून चालणार नाही.

यानंतर नेमस्त शास्त्रज्ञ आले. लुईस टर्मन यांनी ७९२ जोडप्यांना प्रश्न विचारून १९३८ मध्ये, तर अर्नेस्ट बर्जेस व लिओनार्ड कॉट्रेल यांनी ५२६ जोडप्यांची माहिती घेऊन १९३९ मध्ये विवाहसुखाचे अंदाज मांडणारे ग्रंथ काढले. १९६० नंतर संगणक आला. १९६५ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी प्रश्नावलीवरून जोड्या लावण्याचा धंदा काढला. १९६६ साली मिनेसोटा विद्यापीठातील एलेन वॉल्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नृत्यसमारंभाची हकीकत प्रसिद्ध केली. नव्या विद्यार्थ्यांना सांगितले होते की संगणकाने तुमच्या आवडीनिवडी पाहून जोडीदार निवडला आहे. वास्तविक ३७६ जोड्या चिठ्ठ्या उचलाव्या तशा लावलेल्या होत्या! पुन्हा भेटावेसे वाटते काय, असे मागून विचारले तेव्हा बुद्धी, स्वभाव, गुणपत्रके यांचा काही उपयोग दिसला नाही. त्या एका संध्याकाळपुरते रूप तेवढे कामी आले.

पुढे सिएटलच्या जॉन गॉटमन यांचे नाव गाजले. नवराबायकोंना प्रयोगशाळेत बसवून त्यांचे भांडण चित्रित करायचे, नाडीचे ठोके मोजायचे आणि कोणते जोडपे मोडेल ते सांगायचे, ही त्यांची पद्धत. नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेचे दावे झाले. येथे आमचा तिसरा प्रश्न विचारावा लागतो. २००१ साली रिचर्ड हेमन व एमी स्लेप यांनी दाखवून दिले की अशी सूत्रे कोण मोडले आणि कोण टिकले हे माहीत झाल्यावर बेतलेली असतात, आणि तेच सूत्र नव्या माणसांना लावले की अचूकता घसरते. आकडा फुटल्यावर तो मला ठाऊक होता असे सांगणारे आपल्या गावातही कमी नाहीत. गॉटमन यांनी भांडणाची रीत बारकाईने पाहिली, तुच्छता हे संसाराचे विष आहे हे दाखवले, ते काम मोलाचे आहे. पण ती माणसे आधीच संसारात पडलेली होती. अनोळखी दोघांविषयीचे ते भाकीत नव्हते.

अनोळखी दोघांविषयीची परीक्षा २०१७ साली समांथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी प्रसिद्ध केली. तरुणतरुणींकडून शंभरावर बाबींची माहिती आधी भरून घेतली, मग त्यांच्या चार-चार मिनिटांच्या भेटी घडवल्या, आणि सर्व आकडे आजच्या शिकाऊ यंत्राच्या स्वाधीन केले. कोण सामान्यतः लोकांना आवडतो आणि कोणाला सामान्यतः लोक आवडतात, याचा काही अंदाज यंत्राने केला. अमक्याला अमकीच का आवडली, हे मात्र त्याला मुळीच सांगता आले नाही. आणि आपला प्रश्न तर नेमका तोच आहे.

२०२० साली याच जोएल व ईस्टविक यांच्याबरोबर कितीतरी संशोधकांनी आपापल्या वह्या एकत्र केल्या. ४३ पाहण्या, ११,१९६ जोडपी. दोघांच्या संबंधातील समाधान कशावरून कळते? दोघांचे स्वभाव, वय, शिक्षण यांपेक्षा दोघांमध्ये चाललेल्या व्यवहारावरून पुष्कळ अधिक कळते. जोडीदार आपल्याला धरून आहे असे वाटते काय, तो आपली कदर करतो काय, शरीरसुखाचे समाधान आहे काय, भांडणे किती व कशी होतात, यावरून. आपले स्वतःचे आणि आपल्या संबंधाचे वर्णन हाती असले, तर जोडीदाराच्या स्वभावाची माहिती मिळवून त्यात फारशी भर पडत नाही. आणि पुढे हे समाधान वाढेल की आटेल, ते तर जवळजवळ सांगताच आले नाही. ही जोडपी बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील होती, हे ध्यानात ठेवूनही तात्पर्य घेता येते. जमणे ही दोन माणसांत आधीपासून दडलेली वस्तू नाही. ती दोघांच्या वागण्यातून रोज तयार होते.

सुताचे उदाहरण आमच्या लोकांना चटकन पटते. सुताचा नंबर आणि ताकद आधी तपासता येते. पण मागावर चढल्यावर ते किती वेळा तुटेल, हे खळ कशी लागली, हवेत दमटपणा किती, माग कसा बसवला आणि कोणाच्या हाताखाली चालला, यावर राहते. सूत कुजके असेल तर ते आधी कळते, आणि तेवढे जरूर पाहावे. दारू, मारहाण, लपवलेले पहिले लग्न, लपवलेला आजार, ही कुजक्या सुताची लक्षणे. ती चौकशी सोडून आपण चंद्राचे नक्षत्र पाहत बसतो!

या मोजदादीच्या शेजारीच महाराष्ट्रात दुसरा एक इतिहास घडत होता. संसार कसा होईल याचे भाकीत करीत बसण्याऐवजी, ज्यांचा संसार त्यांनाच विचारा, असे म्हणणाऱ्यांचा तो इतिहास. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लागले. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे नाकारले. दादाजी भिकाजींनी १८८४ साली दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला; १८८७ मध्ये तो फिरला आणि नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे विलायतेत शिकून त्या डॉक्टर झाल्या. अकरा वर्षांच्या मुलीच्या लग्नात तिच्या संमतीखेरीज सर्व गोष्टी पाहिलेल्या असतात.

त्याआधीच, २५ डिसेंबर १८७३ रोजी, महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीवाचून पहिला विवाह लावला. त्या विधीत वधू आणि वर परस्परांशी बोलतात. स्त्रियांचे हक्क मान्य करशील काय, असे वधू विचारते. वर शपथ घेतो. यातला फरक लक्षात घ्यावा. पत्रिका भविष्य सांगते, हा विधी वचन मागतो. भविष्य चुकले तर दोष ग्रहांचा. वचन मोडले तर दोष मोडणाऱ्याचा, आणि त्याला जाब विचारता येतो. कामगाराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. मालक भला निघेल असे भविष्य घेऊन कोणी कामावर राहत नाही; तो करार मागतो.

हे बीज आमच्या करवीर संस्थानात रुजले. कोल्हापुरात १९११ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवाविवाहाचा आणि १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाचा कायदा केला. विठ्ठलभाई पटेल यांच्या मिश्रविवाहाच्या बिलास त्यांनी पाठिंबा दिला. मराठा-धनगर विवाहसंबंध जुळवण्याची त्यांची खटपट होती. त्यातूनच कागलच्या घाटगे घराण्यातील कन्या आणि इंदूरचे यशवंतराव होळकर यांचा विवाह महाराजांच्या निधनानंतर, १९२४ साली झाला. तोही वडीलधाऱ्यांनी ठरवलेलाच होता, हे आम्ही झाकत नाही. परंतु कायद्याचे काम वेगळे असते. कोणाचे कोणाशी जमेल ते कायदा सांगत नाही. ज्यांचे जमले आहे त्यांच्या वाटेतली भिंत तो पाडतो. स्वातंत्र्यानंतर १९५४ चा विशेष विवाह कायदा आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला, १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय झाली, ती याच वाटेने.

आमच्या कचेरीत पगाराच्या तक्रारी येतात आणि त्यांच्या मागून संसाराच्याही येतात. माग बंद पडले, उधारी वाढली, खोलीचे भाडे थकले की चांगल्या घरांतही शब्दाला शब्द लागतो. काम सुरू झाले की त्यांतली पुष्कळ भांडणे आपोआप विझतात. नवराबायको त्याच, पत्रिका त्याच. बदलते ते घरात येणारे पैसे, डोक्यावरचे छप्पर आणि दिवसाची दगदग. ज्या बाईच्या हाती स्वतःची मजुरी आहे तिला घरात एक शब्द बोलता येतो, आणि जिथे दोघांनाही बोलता येते तिथे जमण्याला वाव असतो. ज्याला जोडप्यांचे खरोखर भले करायचे आहे, त्याने गुण मोजण्यापेक्षा रोजगाराची आणि घराची काळजी वाहावी, असे आम्हांला वाटते.

कोणी विचारील, मग विज्ञानाचा येथे काहीच उपयोग नाही काय? आहे, आणि मोठा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. लोक शिव्या देत होते, खटले होत होते. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्व्यांनी कोणाची जोडी लावली नाही. शरीर, रोग आणि संततिनियमन यांविषयी जे खरोखर कळले होते ते त्यांनी सांगितले, आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोपवला. विज्ञानाची प्रतिष्ठा अशाने वाढते. जे कळत नाही ते कळते म्हणून विकणारा माणूस, त्याच्या हातात पंचांग असो की संगणक, तिला बट्टाच लावतो.

शेवटी आपल्या गावाकडे पाहू. शाहू महाराजांनी आपल्या जनक पित्याच्या, कागलच्या जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे गाव वसवले. इतर गावे वाढता वाढता वाकडीतिकडी झाली. जयसिंगपूर आधी कागदावर आखले गेले, म्हणून आपल्या गल्ल्या सरळ आहेत आणि त्यांना नावांऐवजी आकडे आहेत. रस्ता किती रुंद ठेवायचा, हे आखणाऱ्याला आधी ठरवता आले. कोणत्या गल्लीत कोण शेजारी होईल आणि त्यांचा घरोबा जमेल की बांधावरून भांडण होईल, हे त्याला कागदावर दाखवता आले नसते. त्याने केले ते एवढेच, की प्रत्येक घराला रस्ता मिळेल अशी सोय केली.

लग्नाच्या बाबतीत वडीलधाऱ्यांनी आणि समाजाने एवढी सोय करावी. मुलामुलींना एकमेकांशी बोलू द्यावे, आणि ते बोलणे पाहुण्यांसमोर दहा मिनिटांचे नसावे. रक्त तपासावे. व्यसन, कर्ज, कमाई, आधीचे लग्न यांची चौकशी उघडपणे करावी. मुलगी "नको" म्हणाली तर तो निकाल समजावा, आणि "हवा" म्हणाली तर जात पाहून तो निकाल फिरवू नये. एवढे करूनही काही संसार मोडतील. मोडले तर मुलीला माहेरचे दार उघडे असावे. "गुण तर बत्तीस जुळले होते" असे म्हणून तिला परत पाठवू नये.